हात हलका ठेवा: मालिशच्या कामात नव्याने येणाऱ्यांनी या चुका टाळा

"ताई, अजून जोरात दाबा की, काही कळतच नाहीये." मालिशच्या कामात पडलेल्या प्रत्येकीने हे ऐकलेलं असतं, आणि नव्या हाताची पहिली चूक इथेच होते. आपण अंगठा रोवतो, कोपर लावतो, घाम गाळतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि चार दिवसांनी तीच पाठ तशीच आखडलेली घेऊन परत येतं. सतरा वर्षं पुण्यात घरोघरी जाऊन हे काम केल्यावर मी ठामपणे सांगते, जोराने स्नायू सैल होत नाही. अचानक दुखलं की तो स्वतःला वाचवायला आवळून घेतो.

जोर जास्त झालाय हे माणूस तोंडाने सांगत नाही, अंग सांगतं. श्वास अडतो, पायाची बोटं वळतात, मूठ मिटते. असं दिसलं की हात उचलू नका, दाब निम्मा करा. तळवा तसाच ठेवून तीन-चार श्वास थांबा. स्नायू आपणहून जागा देतो, तेव्हाच पुढे सरका. दहापैकी किती दुखतंय हे विचारत राहा. उत्तर पाचच्या वर गेलं तर मी मागे येते. दुसऱ्या दिवशी अंगावर काळेनिळे डाग उठले, तर त्याला 'गाठी फुटल्या' म्हणू नका. बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात.

घाई हीही तितकीच मोठी चूक. लव असलेल्या कातडीत हलक्या, संथ स्पर्शाला प्रतिसाद देणारे वेगळे मज्जातंतू असतात, आणि सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर या वेगाने हात फिरला की ते सर्वांत चांगले जागे होतात. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत जायला सात-आठ सेकंद घ्या. एकदा घड्याळ लावून करून बघा. आपण किती भरभर रगडतो ते लगेच कळेल.

सुजेच्या बाबतीत तर हलका हात हाच उपाय. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या जोडप्याने 1930च्या दशकात लसिकेचा (लिम्फ, म्हणजे अंगात वाहणाऱ्या पातळ द्रवाचा) निचरा करणारी मालिश बसवली. तिचं मर्म एवढंच की लसिकेच्या अगदी सुरुवातीच्या नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात; कातडी नुसती ताणली तरी काम होतं, जोरात दाबलं तर त्या मिटतात. पण स्तनाच्या ऑपरेशननंतर सुजलेला हात नव्यांनी हाती घेऊ नये. ते शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडेच पाठवा.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती मला अजून टोचते. कामाच्या दुसऱ्या वर्षी एका मावशींच्या तळव्यांना मी कोमट समजून तेल लावलं. त्या शांत बसून होत्या, म्हणून मलाही काही वाटलं नाही. संध्याकाळी त्यांच्या पायाला फोड आला. बरीच वर्षं साखर होती, पायाची संवेदना गेली होती आणि मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून तेल आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, आणि पहिल्या भेटीत बाटली उघडण्याआधी विचारते: साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ झालीत का, अलीकडे ऑपरेशन झालंय का, ताप आहे का. जेवण नुकतंच झालं असेल तर थांबते. अजीर्ण असताना अभ्यंग करू नये, हे वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सांगून ठेवलंच आहे.

एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर हात लावू नका. "गोळा आलाय, जरा चोळा" असं म्हणतील, पण आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळून ती सुटली तर फुफ्फुसात जाऊन जीवावर बेततं. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका जास्त असतो, म्हणून बाळंतिणीचे पाय रोज दोन्ही शेजारी ठेवून बघायची सवय लावा. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांनी होकार देईपर्यंत पोटाला हात नाही, सासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी.

बाळाच्या मालिशेत जुन्या पद्धती मोडायला धीर लागतो. नाका-कानात तेल घालणं, डोकं गोल करायला दाबणं, हातपाय ताणून उलटसुलट करणं आणि सर्वांत वाईट म्हणजे छाती पिळून दूध काढणं. जन्मल्यावर काही दिवस बाळाची छाती सुजलेली दिसते, ती आईच्या हार्मोन्समुळे, आणि आपोआप उतरते. पिळलं तर पू होऊ शकतो. "मालिशनंतर किती गाढ झोपतं" असं कौतुक होतं तेव्हा बघा, बाळ आधी रडून दमलंय का. दमून झोपणं आणि निवांत होऊन झोपणं यांत फरक आहे. मोहरीचं तेल नाजूक कातडीला सोसत नाही. मी खोबरेल वापरते.

मान काडकन वाजवायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो.

अंगावर चादर असू द्या, काम चालू आहे तेवढाच भाग उघडा, आणि कुठे हात लावणार ते आधी सांगा. यात सूट नाही.

राहिला आपला अंगठा. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी अंगठ्याच्या बुडाशी होणाऱ्या दुखण्याने हे काम सोडून बसल्या. सकाळी अंगठा आखडत असेल तर टेबलाची उंची बघा: सरळ उभं राहून हात खाली सोडले की मुठीची हाडं टेबलाला टेकली पाहिजेत. जमिनीवर चटईवर काम असेल तर वाकू नका, एक गुडघा टेकून दुसरा पाय पुढे घ्या आणि वजन पायातून येऊ द्या. अंगठ्याऐवजी तळवा आणि कोपराखालचा हात वापरा. दिवसाला चार, फार तर पाच माणसं. सहाव्याचा फोन आला तर त्याला उद्याची वेळ द्या.