डबिंग निवडताना: माशी तरंगणार की बुडणार?

ट्राउट मासा धरायला गळावर दोरा-लव गुंडाळून किड्यासारखी दिसणारी नकली माशी बांधतात. ती बांधायला बसलं की नवखा माणूस आधी रंग शोधतो. रंगाचं शेवटी बघू. डबिंग म्हणजे दोऱ्यावर वळून गळाला गुंडाळायची पिंजलेली लव. ती पाणी पिते की झटकते, हे आधी बघा.

१. ड्राय फ्लाय पाण्यावर तरंगायला हवी. तिला बीव्हर किंवा मस्करॅटच्या अंगालगतची मऊ, दाट लव घ्या. हे प्राणी पाण्यातच वावरतात, त्यांची लव सहज भिजत नाही. नाहीतर बारीक कृत्रिम डबिंग घ्या. १८ नंबरच्या बारीक गळावर जाडीभरडी लव लावलीत तर माशीचं बोंडच होईल.

२. निम्फ म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लाची नक्कल. ती बुडायला हवी, आणि थोडी विस्कटलेलीही. जुनी, भरवशाची ‘हेअर्स इअर’ सशाच्या कानाच्या आणि तोंडावरच्या केसांची. त्यात मऊ लवेबरोबर राठ केस असतात, ते बाहेर डोकावले की किड्याच्या पायांसारखे दिसतात. फक्त आपल्याकडचा रानससा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. विकतचं पाकीट आणा किंवा पाळीव सशाच्या लवेत थोडे राठ केस मिसळा.

३. वेट फ्लाय म्हणजे पाण्याखाली फिरवायची माशी, तिला चमक हवी. पूर्वी सीलची लव वापरत. अमेरिकेत १९७२च्या कायद्याने तिच्यावर बंधनं आली. आता अंगोरा बकरीचे केस तेच काम करतात. वळायला मात्र हट्टी, दोऱ्याला मेण लावावंच लागतं. कॅडिस या पाणकिड्याच्या कोषाची नक्कल करायला अँट्रॉन हा कृत्रिम धागा मिसळा, त्याचे धागे पाण्यात चकाकतात.

४. आता रंग. चिमूटभर लव ओली करून उजेडात धरा. कोरडी असताना फिकट करडी वाटलेली लव भिजल्यावर चांगलीच गडद होते, आणि मासा ती भिजलेलीच बघणार.

५. आता वळणं. चिमटीत घेतलेली लव अर्धी परत ठेवा. उरलेल्यातली पुन्हा अर्धी ठेवा. (मी अजूनही पहिल्या झटक्यात जास्तच घेतो.) समईची वात वळतो तशी दोऱ्याभोवती एकाच दिशेने वळा, उलटसुलट फिरवली की सुटते. शेपटीकडे बारीक आणि छातीकडे जाड हवी.

निम्फ बांधून झाली की जुन्या टूथब्रशने छातीकडचे केस ओढून काढा. ड्राय फ्लायला ब्रश लावू नका.