कौन्सिलचा फ्लॅट घेताना खराब क्रेडिटमुळे कर्ज अडले होते: माझा अनुभव

लंडनमधील आमचा कौन्सिलचा (स्थानिक पालिकेचा) भाड्याचा फ्लॅट ‘राइट टू बाय’ योजनेत, म्हणजे भाडेकरूला घर सवलतीत विकत घेऊ देणाऱ्या योजनेत, घेताना किमतीची नोटीस आली, पण बँका प्राथमिक तपासणीतच नकार देत होत्या. उत्तरासाठी १२ आठवडेच असल्याने जीव टांगणीला लागला होता. नवनवे अर्ज करणे निरुपयोगी ठरले, कारण प्रत्येक पूर्ण तपासणीची नोंद क्रेडिट अहवालात, म्हणजे आपल्या कर्ज-बिलांच्या इतिहासात, उमटते.

प्रथम एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचे वैधानिक अहवाल मोफत मागवले. एकात, फेडलेले मोबाइलचे बिल अजून थकीत दिसत होते. पावती जोडून हरकत घेतल्यावर २८ दिवसांच्या मुदतीत ते ‘फेडले’ असे नोंदले गेले. मग पत्त्याची खात्री पटावी म्हणून मतदार यादीत नाव घातले; राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही तो हक्क मिळतो. त्यानंतरच ब्रोकरकडून, इतर बँकांना न दिसणारी तपासणी करवून, योजनेतील सवलतच डिपॉझिट (स्वतः भरायची सुरुवातीची रक्कम) मानणाऱ्या संस्थेकडे एकच अर्ज केला आणि कर्ज मंजूर झाले.