रामसे बंधूंचा हिंदी भूतपट बघायचाय? मग असा बघा

पहिलं म्हणजे एकट्याने मोबाईलवर बघू नका, मजा जाते. चार मित्र, भडंगाचं पातेलं आणि रात्री अकरानंतरची वेळ, बास. सुरुवात 'पुराना मंदिर'पासून करा, १९८४ चा आहे, तुलसी आणि श्याम रामसेंचा.

आता टीका करायची तर "मेकअप नकली आहे रे" एवढ्यावर थांबू नका, ते शेंबडं पोरही सांगेल. सामरी, म्हणजे यातला राक्षस, पडद्यावर किती वेळ पूर्ण दिसतो ते बघा. बजेट कमी म्हणून त्याला अंधारात, धुरात, लाल-निळ्या लाईटमध्ये ठेवलाय, आणि खरं सांगू का, तिथेच तो जास्त भीतीदायक वाटतो. कॅमेरा गंगू रामसेचा, म्हणजे घरचाच माणूस. शिवाय सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल शिकलेला इंजिनिअर, पण ती उंची आणि तो चेहरा बघितला की अर्धं काम मास्कशिवायच होतं.

मग एक सीन आवाज बंद करून बघा. दार करकरणं, वारा, किंकाळी हे सगळं गेलं की उरतं काय? कधीकधी नुसती हवेली आणि टॉर्च घेऊन फिरणारी माणसं, मग समजायचं की भीती साउंडवाल्याने विकलीय.

जगदीपचा डाकूवाला कॉमेडी ट्रॅक आला की चहा टाकायला उठा, कथेचं काही अडत नाही. फक्त शिव्या घालताना एवढं बघा की गोष्ट पैशाअभावी फसलीय की आळसाने, कारण सामरीचं पेटीतलं मुंडकं आणि वेगळं पुरलेलं धड ही आयडिया फुकटातच सुचलेली आहे आणि अजून लक्षात राहते.