चौदा पानं आणि न वाचलेली एक कादंबरी

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी सीएचबीवर मराठी शिकवते. म्हणजे तासाप्रमाणे पैसे, तेही बिल निघेल तेव्हा. सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, झालीय; पीएच.डी. रखडलीय. 'कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट' हा विषय मी आपणहून घेतला, कारण सोपा वाटला. पुस्तक वाचायचं, सिनेमा बघायचा, फरक लिहायचे. यंदा एम.ए.च्या चार पोरींनी हाच विषय घेतलाय आणि चौघींच्या चेहऱ्यावर तोच 'सुटलो बाई' असा भाव आहे. म्हणून हा खटाटोप.

गोषवारा किती शब्दांचा, तळटीपा कशा द्यायच्या, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर विभागाच्या कपाटात जुने निबंध धूळ खात पडलेत, चार चाळा, कळेल. मला सांगायचंय ते दुसरंच.

माझा पहिला निबंध 'सिंहासन'वर होता. अरुण साधूंची कादंबरी आणि जब्बार पटेलांचा १९७९ चा चित्रपट. कादंबरी तीनदा वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या. सिनेमा मात्र मोबाइलवर, रात्री, घरचे झोपल्यावर. सुरुवातीला नावं यायला लागली तशी बोटाने सरकवून थेट पहिल्या प्रसंगावर गेले. त्या एका बोटाने माझा घात केला.

कादंबरीत न सापडलेलं जे जे सिनेमात दिसलं, ते मी 'दिग्दर्शकाची भर' या मथळ्याखाली टाकत गेले. यादी वाढत गेली तशी मी खूश. चौदा पानांतली पाच पानं नुसती भर! वर निष्कर्षही ठोकून दिला, की पडद्याला मोठा पट लागतो म्हणून दिग्दर्शकाने मुंबईचा पसारा स्वतः रचला.

चर्चासत्र सांगलीकडच्या एका महाविद्यालयात होतं. जेवणानंतरचं सत्र, पोटात श्रीखंड, अर्धी सभा पेंगलेली. वाचून झालं, टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतले एक निवृत्त ग्रंथपाल उठले. मांडीवरची कापडी पिशवी नीट शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, निबंध चांगलाय. एकच विचारतो. 'मुंबई दिनांक' तुम्ही मुद्दाम सोडलीत का?"

'मुद्दाम' म्हणून त्यांनी मला पळायला वाट ठेवली होती, हे घरी आल्यावर कळलं. 'हो, विस्तारभयास्तव' म्हटलं असतं तर निभावलं असतं. मी म्हणाले, "कोणती?"

तो चित्रपट एका कादंबरीवरचा नाहीच. साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्यांवरून तो झालाय, आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. मी जिला भर म्हणत होते तिच्यातलं बरंचसं साधूंचंच, फक्त दुसऱ्या पुस्तकातलं. जे खरोखर बदललं होतं त्याचा जाब आधी पटकथाकाराला विचारायचा, आणि तेंडुलकरांचं नाव माझ्या चौदा पानांत एकदाही नव्हतं. तेंडुलकरांचं! आणि मी मराठी शिकवते!

कंटाळा आला तरी हे पुन्हा सांगते. तुलना सुरू करण्याआधी सिनेमा नेमका कशावरून झाला ते शोधा. नाव एकच आहे म्हणून मूळही तेवढंच असेल असं धरू नका. उलटही होतं. प्रभातचा १९३७ चा 'कुंकू' घ्या. ग्रंथालयाच्या सूचीत 'कुंकू' शोधत बसाल तर बसूनच राहाल, कारण त्याची मूळ कादंबरी 'न पटणारी गोष्ट'. लेखक नारायण हरी आपटे, आमच्या कोरेगावात राहिलेले. कोरेगावातल्या किती जणांना हे माहीत आहे ते विचारू नका, मलाही पंचविशीनंतर कळलं. आणि त्या सिनेमाची पटकथाही आपट्यांचीच. मग 'शांतारामबापूंनी कादंबरीला न्याय दिला का' हा प्रश्न अर्धा तिथेच निकालात निघतो; कादंबरीत फेरफार करणारा हात कादंबरीकाराचाच होता. शिवाय हा चित्रपट हिंदीतही झाला, 'दुनिया न माने' या नावाने. तुम्ही कोणता पाहिलात? इंटरनेटवर जो सापडला तो? मग तसं लिहा, आणि त्या प्रतीची लांबीही लिहा, कारण अशा प्रती कुठे कापलेल्या असतात कुणी सांगावं. 'श्यामची आई'चं तेच. अत्र्यांचा १९५३ चा की २०२३ चा? आणि पुस्तक तर मुळात रात्री-रात्रींनी सांगितलेलं, त्याला कादंबरी म्हणण्याआधीच दोन वाक्यं खर्ची घालावी लागतात.

मी आता लिहायला बसण्याआधी एका कागदावर एवढंच मांडते: मूळ पुस्तक कोणतं, एक की जास्त, हातातली आवृत्ती कोणती, पटकथा कुणाची, संवाद कुणाचे, सिनेमाची कोणती प्रत पाहिली. यातलं एक जरी उत्तर रिकामं असेल तर निबंधाचं पहिलं वाक्य लिहायचं नाही. श्रेयनामावली थांबवून थांबवून वहीत उतरवायची. अर्धा तास जातो. माझं एक वर्ष गेलं होतं.

घाबरू नका मात्र. त्या दुपारी मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं, पण निबंध मेला नाही. 'काय बदललं' ऐवजी 'दोन कादंबऱ्या एका पटकथेत कशा बसवल्या' असा प्रश्न झाला आणि तो आधीच्यापेक्षा कितीतरी बरा निघाला.

मार्गदर्शकांबद्दल बोलू नये म्हणतात, पण बोलते. तो पहिला निबंध पाठवण्याआधी मी एका अनुभवी माणसाला दाखवला होता. 'छान आहे, द्या पाठवून' एवढं उत्तर दहा मिनिटांत आलं. चौदा पानं दहा मिनिटांत! गोड बोलणाऱ्यापेक्षा लाल पेनवाला परवडला. आणि 'पैसे भरा, आठवड्यात छापतो' म्हणणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नका. २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादीच, बंद केली, तेव्हापासून आपणच पारखून घ्यायचंय, आणि या लोकांचे मेसेज काही थांबलेले नाहीत. एआयकडून पृष्ठक्रमांक घेणाऱ्यांना तर मी काही सांगणारच नाही. ते पान एकदा उघडून बघा म्हणजे झालं.

सिद्धान्ताचंही थोडं. लिंडा हचन, जॉर्ज ब्लूस्टोन या माध्यमांतराच्या अभ्यासकांची नावं पहिल्या दोन पानांत ओतून पुढे त्यांच्याकडे ढुंकून न बघणं ही आपली जुनी खोड. एकच मुद्दा घ्या, पण तो प्रसंगावर लावून दाखवा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' बघा. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचा माणूस, आपल्याच भागातला. कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. कादंबरीत मास्तर 'मी' म्हणून बोलतो, आपण त्याच्या डोळ्यांनी वाडी बघतो. कॅमेरा समोर आला की मास्तरही वाडीतला एक माणूस होतो, आपण त्याच्याकडे बघायला लागतो. दुष्काळात वाडी रिकामी होते तो भाग पुस्तकात पुन्हा वाचा, मग तोच भाग पडद्यावर बघा, हातात वही घेऊन, मिनिट-सेकंदासह. रिकामी घरं कुणाला दिसतायत? मास्तरला की आपल्याला? मास्तर चौकटीत आहे का, असला तर केवढा? एवढ्यावर चार पानं होतात, आणि ती तुमची असतात. 'कादंबरीची सर चित्रपटाला नाही' हे वाक्य लिहायला माडगूळकर वाचावे लागत नाहीत, पालेकर बघावे लागत नाहीत.

पुस्तकं मिळवायला वेळ धरा. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची केवढी तरी पुस्तकं भिजली, जुन्या आवृत्त्या पुन्हा येत नाहीत. सिनेमाच्या जुन्या साहित्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आधी चौकशी करून जा. नुसती स्वारगेटची एसटी पकडून गेलात तर हात हलवत परत याल, मी आलेय.

परवा 'कुंकू'वरचा मसुदा माझ्या नव्या मार्गदर्शक मॅडमना दिला. पार्श्वसंगीत नसलेल्या त्या सिनेमात घड्याळाची टिकटिक काय करते, यावर माझी सहा पानं आहेत आणि मला ती फार आवडतात. मॅडमनी त्यांना अजून हातही लावलेला नाही. पहिल्याच पानावर 'न पटणारी गोष्ट'च्या शेजारी लाल शाईत लिहून पाठवलंय, 'कोणती आवृत्ती?' आणि मी झेरॉक्स काढताना मुखपृष्ठामागचं पान घ्यायला विसरलेय. उद्या पहिला तास नाही, वाचनालय उघडायला दारात जाऊन थांबते.