लेट्रोझोलची गोळी घरात सुरू असेल तर ती कशी सांभाळायची

मागच्या वर्षी कापूस वेचणीत माझ्या मोठ्या आईनं लेट्रोझोल कोणाला न सांगता बंद केली, सकाळी बोटं इतकी धरायची की बोंडातला कापूस ओढता येईना, आणि तिचं म्हणणं, "गाठ तं काढली, आता कायले खावं गोळी?" आम्हाला दीड महिन्यानं कळलं, डब्यात गोळ्या तशाच होत्या. ज्यांच्या घरी छातीच्या कॅन्सरनंतर ही गोळी सुरू आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी गोळी काय करते ते तिला समजेल असं सांगा. आपल्या अंगात अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते पुरुषी हार्मोनपासून इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, बनवतं (पुरुषी हार्मोन बाईच्या अंगातही असतंच). पाळी असते तोवर हे काम जास्त करून अंडाशयात चालतं, पाळी गेली की चरबीत. रिपोर्टवर ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह लिहिलेली गाठ या इस्ट्रोजेनवर पोसते, म्हणजे ऑपरेशननंतर एखादी पेशी कुठं दडून राहिली तर तिचा खुराक तोच. मी मोठ्या आईला सांगितलं, घरात पोतंभर ज्वारी असली तरी चक्की बंद तर पीठ कुठून निघेल, गोळी म्हणजे चक्कीचा पट्टा काढून ठेवणं, गोळी थांबली की चक्की पुन्हा सुरू. तेव्हा पटलं तिला. गोळी दुखण्यावरची नाही, म्हणून बरं वाटलं तरी चालूच ठेवायची, साधारण 5 वर्षं, कधी डॉक्टर जास्तही सांगतात.

रोज एकच, ठरलेल्या वेळी. लेट्रोझोल 2.5 मिलीग्रॅम आणि त्याच कामाची दुसरी गोळी अॅनास्ट्रोझोल 1 मिलीग्रॅम जेवणाआधी नाहीतर नंतर कधीही चालते, तिसरी, एक्झेमेस्टेन 25 मिलीग्रॅम, मात्र जेवणानंतरच. विसरली तर आठवल्याबरोबर घ्या, दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नकोच. आम्ही चहाच्या डब्याजवळ ठेवतो, शेतात जायच्या आधी चहा तर होतोच. आणि गोळ्यांचा पत्ता संपायची वाट पाहू नका, तालुक्याला सगळ्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही, आठ दिवस आधी आणून ठेवा.

एक गोष्ट खूप महत्त्वाची. बाई चाळिशीतली असेल आणि पाळी किमोमुळं थांबली असेल, तर ती परत येऊ शकते, आणि अंडाशय चालू असताना ही गोळी एकटी पुरत नाही, उलट अंडाशयाला जास्त चेव येतो. म्हणून थोडासा जरी डाग दिसला तरी लाजू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

सांधे धरणं, अंगातून गरम वाफा, थकवा हे होतं. त्यासाठी गोळी मनानं सोडू नका, डॉक्टरांना सांगा, मोठ्या आईला त्यांनी बदलून अॅनास्ट्रोझोल दिली आणि रोज चालायला सांगितलं, बोटं अजून सकाळी थोडी धरतात पण वेचणी होते.

इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडं किती भक्कम आहेत ते मोजणारी तपासणी) कधी करायचा ते विचारा, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सांगितलं असेल तर ते चुकवू नका, आणि न्हाणीतलं शेवाळ आजच घासून काढा, तिथंच पाय घसरतो.