आईच्या साड्यांची गोधडी शिवताय? या चुका टाळा

आईच्या साड्या, वडिलांचे सदरे, मुलांची झबली यांची आठवण म्हणून शिवलेली गोधडी बिघडते, तेव्हा दोष सहसा टाक्यांचा नसतो. वेगवेगळ्या वयाची कापडं एकाच धावदोऱ्यात अडकवलेली असतात. वर्षानुवर्षं धुतलेली सुती साडी आटायची तेवढी आटलेली असते, कालपरवा आणलेलं अस्तर अजून आटायचं असतं आणि पॉलिस्टरचा सदरा फारसा आटत नाही. पहिल्याच धुण्यात एक कापड आत ओढतं, दुसरं फुगतं आणि विरलेलं असतं ते टाक्याजवळ फाटतं. असं कापड पुन्हा विकत मिळत नाही, म्हणून कात्री हातात घेण्याआधीच बरंचसं काम उरकायला हवं.

न तपासता कापणं

प्रत्येक कापड खिडकीसमोर उजेडात धरा. धागे विरळ दिसले, तर दोन्ही अंगठ्यांनी तिथे हलका ताण द्या. चर्र आवाज आला की ते कापड वरच्या थराच्या कामाचं नाही. साडी ठरावीक जागी झिजते: निऱ्यांचा खालचा भाग, फॉलच्या टाक्यांची रेघ, खांद्यावर पिन लागायची ती जागा. निऱ्यांच्या वरचा आणि आत खोचला जाणारा भाग बहुधा शाबूत असतो. रेशमी साडी घडीवर चिरते, म्हणून घडीची रेघ तुकड्याच्या मधोमध येऊ देऊ नका.

विरलेलं कापड फेकायचं नाही. ते आतल्या थरात जाऊ शकतं. वरच हवं असेल, तर त्याच्या मागे धुतलेल्या मलमलीचा तेवढाच तुकडा टाचून दोन्ही मिळून एक कापड समजा.

टी-शर्ट, बाळाची विणीच्या कापडाची झबली ताणली जातात. त्यांना मागून इस्त्रीने चिकटणारं हलकं फ्यूजिंग लावा आणि चौकोन त्यानंतरच कापा. आधी कापलात, तर कडा गुंडाळतात आणि चौकोन चौकोन राहत नाही. शिवणीसाठी सगळीकडून १ सेंमी जास्त ठेवा, कडेचे धागे सुटणाऱ्या कापडाला दीड.

खळ आणि रंग

नवं अस्तर, विशेषतः मांजरपाट, कोमट पाण्यात दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. खळ राहिली तर सुई अडते, बोटं सोलतात आणि टाके लहानमोठे पडतात. जुन्या साडीलाही खळ दिलेली असेल, तर ती रात्रभर साध्या पाण्यात भिजवून काढा.

गडद लाल, मरून, निळी साडी असेल, तर ओला पांढरा रुमाल तिच्यावर १० मिनिटं दाबून पाहा. डाग उमटला, तर ती वेगळी धूत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो यावर विसंबू नका. आजच्या बहुतेक सुती कापडांच्या रंगांना त्याचा उपयोग होत नाही. पाणी स्वच्छ येतच नसेल, तर ते कापड पांढऱ्याशेजारी नको.

थर जास्त, जोड एका जागी

साडीच्या मऊ कापडाचे ४ ते ५ थर हाताने नीट शिवता येतात. सात-आठ केलेत, तर सुई वाकते, टाका वरून लहान आणि खालून गायब होतो. मग जोर म्हणून दाभण घेतलं जातं आणि विरलेल्या कापडाला कायमची भोकं पडतात. थर कमी करणं हाच उपाय.

साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, एकेरी गोधडी ६० इंच रुंद. म्हणजे प्रत्येक थरात जोड येणारच. सगळ्या थरांचे जोड एकावर एक आले, की तिथे कडक पट्टा तयार होतो. दर थराचा जोड ४-५ इंच सरकवा. काठांचंही तेच. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते, ती धुण्यात वेगळी वागते. काठ आतल्या थरांतून कापून काढा आणि वरून शोभेसाठी लावायचे असतील, तर सगळं शिवून झाल्यावर.

टाचण्याचा कंटाळा

सर्वांत जास्त गोधड्या इथे बिघडतात. जमिनीवर अस्तर ताणून पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा, वर एकेक थर हाताने मध्यापासून कडेकडे सपाट करत घाला. मग कच्चा टाका (नंतर उसवायचा तात्पुरता लांब टाका) मध्यापासून बाहेर, उभा-आडवा, ओळींमध्ये चार बोटं अंतर ठेवून. टाचण्या पुरत नाहीत. गोधडी मांडीवर घेतली की थर सरकतात आणि टाचण्या मांडीला टोचतात, एवढंच होतं.

पारंपरिक गोधडीत धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांत आत येतो. दिसायला सुरेख, पण कच्चा टाका नसेल तर सगळा सैलपणा ढकलला जाऊन मध्यावर फुगा येतो. फुगा आलाच, तर कात्रीने चुणी कापू नका. शेवटच्या चार-पाच फेऱ्या उसवा, कापड पुन्हा बाहेरच्या बाजूला सपाट करा, टाचा, शिवा. तुकडे वेड्यावाकड्या मापाचे असतील, तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदीची रीत सोयीची: तुकडे आधी एकमेकांना जोडायचेच नाहीत. कडेपासून आत येताना एकेक तुकडा कड दुमडून थेट अस्तरावर शिवत जायचा.

दोरा

दणकट पॉलिस्टर दोरा घ्यावासा वाटतो. पण दोरा कापडापेक्षा बळकट असला, की ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड फाटतं. आणि दोरा बदलता येतो, आईची साडी नाही. सुती दोरा किंवा भरतकामाच्या सहापदरी लडीतले ३ पदर पुरेत. दोरा हातभरच घ्या, त्याहून लांब घेतला की नेढ्यापाशी झिजून पिंजतो आणि गाठी पडतात. मेणावरून एकदा ओढला तर अजून बरं. टाका ५-६ मिमी, ओळींत अंतर २ सेंमी. दर ओळ संपली की कापड दोन्ही हातांनी आडवं ताणा आणि मगच गाठ मारा. एवढं केलं तरी चुण्या बऱ्याच कमी होतात. गाठ थरांच्या आत ओढून लपवा.

आखायला खडू वापरा. इस्त्रीच्या उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाच्या खुणा थंडीत परत उमटू शकतात.

धुणं आणि डागडुजी

पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत दोन दोऱ्यांवर पसरा, म्हणजे ओलं वजन एका रेघेवर येत नाही. धुताना रंग पसरला, तर वाळू देऊ नका आणि इस्त्री अजिबात नको. लगेच भरपूर थंड पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळा. वाळलेला डाग सहजी निघत नाही. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी सुती चादरीत बांधा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

तुकडा विरला, तर उसवून काढायचा नाही. त्यावरच ठिगळ लावा, कड आत दुमडून, शाबूत कापडापर्यंत बोटभर पुढे नेऊन. त्यासाठी कापतानाच प्रत्येक कपड्याचा वीतभर तुकडा बाजूला काढा, गोधडीबरोबरच धुवा म्हणजे रंग सारखा उतरेल, आणि कुठला तुकडा कोणाच्या कपड्याचा ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.