क्लायंट हजेरी मागू लागला तर: फ्रीलान्सरने स्वतंत्रपण कसं राखावं

आधी कंपनीचा ईमेल आयडी मिळतो. मग रोज दहाच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीला, बोलावणं येतं. महिन्याभरात एचआर हजेरीचं ॲप टाकायला सांगतं आणि एके दिवशी तुम्हीच लिहून जाता, 'सर, सोमवारी सुट्टी मिळेल का?' करारात 'स्वतंत्र कन्सल्टंट' असं ठळक छापलेलं असतं, पण वाद झालाच तर तो करार आणि हा मेसेज शेजारी शेजारी ठेवून वाचले जातात.

न्यायालयं नावापेक्षा वागणुकीकडे पाहतात. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असे शिंपी होते ज्यांना नगावर पैसे मिळत आणि यायची ठरलेली वेळ नव्हती. तरीही ते कामगार ठरले, कारण काम दुकानात चाले, शिलाई मशीन बहुतेक दुकानाची आणि पसंत न पडलेलं काम परत करण्याचा अधिकार मालकाचा. मशीनच्या जागी कंपनीचा लॅपटॉप ठेवून बघा. उलट बाजूचं उदाहरण पुण्याचं आहे. रुबी हॉल क्लिनिक चालवणाऱ्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात आयकर खात्याचं म्हणणं होतं की कन्सल्टंट डॉक्टर हे नोकरच. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. त्या डॉक्टरांना पीएफसारखे लाभ नव्हते आणि रुग्णालयाच्या वेळेबाहेर खासगी प्रॅक्टिसची मुभा होती, हे तिथे महत्त्वाचं ठरलं.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात रोजच्या भाषेपासून करा. सुट्टी मागू नका, उपलब्धता कळवा: 'सोमवार-मंगळवार मी उपलब्ध नाही. चेकआउट स्क्रीनचा दुसरा ड्राफ्ट बुधवारी दुपारी चारपर्यंत पाठवतो.' यात परवानगी नाही, कारण नाही, तारीख मात्र पक्की आहे. क्लायंटला खरी काळजी तारखेचीच असते, ती मिळाली की सहसा कोणी हरकत घेत नाही. स्टँडअप रोजचा असेल तर 'मंगळवार आणि शुक्रवार, अर्धा तास' असं स्वतः सुचवा, बाकीच्या दिवशी दोन ओळींचं लेखी अपडेट द्या. हजेरीचं ॲप आणि रजेचं पोर्टल मात्र सरळ नाकारा. कंपनीचा ईमेल सुरक्षेसाठी लागतच असेल तर सहीखाली हुद्दा न लिहिता आपल्या व्यवसायाचं नाव आणि 'बाह्य सल्लागार' लिहा. लॅपटॉप शक्यतो स्वतःचा. क्लायंटच्या यंत्रणेतच काम करावं लागत असेल तर 'केवळ डेटा सुरक्षेसाठी तात्पुरता वापर, काम संपताच परत' असा उल्लेख करारात हवा.

करारात चार गोष्टी पाहायच्या. काय द्यायचं ते मोजता येईल असं लिहा: 'डिझाइन सपोर्ट' नव्हे, '१२ स्क्रीन, प्रत्येकी दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्यांसह'. काम कसं आणि कुठून करायचं हे तुम्ही ठरवणार, हे एक वाक्य असू द्या. गरज पडल्यास दुसऱ्या माणसाकडून काम करून घ्यायची मुभा ठेवा. हे कलम क्लायंटला आवडत नाही, पण नोकराला आपल्या जागी दुसरा पाठवता येत नाही, म्हणूनच त्याला वजन आहे. चौथी गोष्ट म्हणजे 'इतर कोणाचंही काम करणार नाही' ही अट. ती खोडून त्याऐवजी गोपनीयता आणि दोन-तीन थेट स्पर्धकांची नावं द्या. करार संपल्यानंतरची बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे बहुधा टिकत नाही, पण करार चालू असतानाची बंदी सहसा टिकते, आणि एकाच क्लायंटवर पोट असणं हीच सर्वांत कमकुवत बाजू आहे.

मग बिल. दर महिन्याच्या ३० तारखेला तेवढ्याच रकमेचं 'मार्चचं मानधन' असं बिल हे पगारासारखंच दिसतं. रिटेनर (दरमहा ठरलेली रक्कम) असला तरी खाली त्या महिन्यात दिलेलं काम लिहा, बिलाला स्वतःचा क्रमांक द्या. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते. नोकराने मालकाला दिलेली सेवा जीएसटीच्या कक्षेतच येत नाही, त्यामुळे जीएसटी लावलेलं बिल आणि सोबत सॅलरी स्लिप, असं कधीही घेऊ नका.

पैसे खात्यात आले की कपात कशी झाली ते बघा. खरा घोळ इथे होतो, आणि बऱ्याचदा तो अकाउंट्समधल्या कोणीतरी तुमचं नाव पगाराच्या यादीत टाकल्याने होतो, दुष्ट हेतूने नव्हे. व्यावसायिक फीवर वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला जातो, तांत्रिक सेवेवर २ टक्के. जुन्या आयकर कायद्यात हे कलम १९४जे, पगाराचं १९२. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, पगार आणि फी यांतला फरक तसाच राहिला. फीऐवजी पगाराच्या कलमाखाली कपात झाली असेल तर ती पहिली खूण. दुसरी खूण महाराष्ट्रातली खास: रकमेतून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला गेला असेल तर तुम्हाला पगारदार धरलं आहे. स्वतंत्र व्यावसायिक तो स्वतःच्या नोंदणीवर वर्षाला २,५०० असा एकरकमी भरतो. पीएफसाठी यूएएन क्रमांक मागणं ही तिसरी खूण.

तिमाहीचं टीडीएस विवरण भरलं गेलं की आयकर पोर्टलवर कपातीची नोंद तपासा. पगार म्हणून पडली असेल तर क्लायंटकडून दुरुस्ती विवरण भरून घ्या, रिटर्न भरायच्या आठवड्याची वाट पाहू नका. नाहीतर जमेच्या ५० टक्के उत्पन्न गृहीत धरणारी (जुन्या कायद्यातल्या कलम ४४एडीएची) सोय वापरायला गेलात की तुमचं रिटर्न आणि खात्याकडची नोंद जुळत नाही. ही सोय ५० लाखांच्या जमेपर्यंत आहे, रोख जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत. आयटी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, अंतर्गत सजावट हे व्यवसाय यादीत आहेत. अनुवादक आणि कंटेंट रायटर यांची नावं तिथे नाहीत, त्यांनी सीएला विचारल्याशिवाय गृहीत धरू नये.

कॉपीराइटचा मुद्दा लोक विसरतात. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाच्या कॉपीराइटचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो. स्वतंत्रपणे केलेल्या लिखाणाचा किंवा सॉफ्टवेअरचा पहिला मालक तुम्ही, आणि हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. लेखी दिले पण मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पैसे घेऊन काढलेल्या फोटोंना मात्र वेगळा नियम आहे: वेगळं ठरलं नसेल तर हक्क काम सांगणाऱ्याचे. 'पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील' ही ओळ थकबाकी वसूल करायलाही उपयोगी पडते.

थकबाकीसाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) काम सुरू होण्याआधी करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज.

हे सगळं क्लायंटशी बोलायचं तर प्रोजेक्ट मॅनेजरशी वाद घालू नका, त्याला फक्त काम वेळेवर हवं असतं. फायनान्सच्या माणसाला मेल करा. तुम्ही नोकर ठरलात तर टीडीएसची तूट आणि पीएफची थकबाकी कंपनीच्या माथी येते, हे त्याला दोन ओळींत कळतं. आणि नऊ ते सहा, एकच क्लायंट, त्याचंच यंत्र, त्याच्याच साहेबाचे रोजचे हुकूम असं सगळंच असेल आणि काहीच बदलायला तो तयार नसेल, तर ती नोकरीच आहे. मग पीएफ, ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजेसकट ती रीतसर मागून घ्या.